टिटवाळ्याचे गार घड

१९ जाने., सोम.
सकाळीच प्रधानांनी मीटिंग लावली. प्रधान म्हणजे आमचे साहेब. बाळकुमच्या ऑफिसात एसीखाली बसून अख्ख्या महाराष्ट्राची शेती ‘शाश्वत’ करणारा माणूस. आयुष्यात कुदळ फक्त भूमिपूजनाच्या फोटोत धरलेली.

आजचा विषय द्राक्ष समूह. दिंडोरीकडचे डझनभर बागायतदार आणि त्यांचे अध्यक्ष टिपणीस. सगळ्यांचं मिळून एकच ‘शाश्वत शेती’चं सर्टिफिकेट, बागा तपासून आम्हीच देतो ते. एकाने लबाडी केली की सगळ्यांचं लटकतं, असा नियम. प्र. हा नियम प्रत्येक भाषणात आवाज खाली आणून सांगतात. लागू केलेला मी अजून पाहिलेला नाही.

या समूहात माझी सख्खी बहीण आहे, मला यात घेऊ नका, असं मी आधीच लिहून दिलेलं. प्र. म्हणे, "अहो, दिंडोरीला बर्वे जातायत. तुम्ही टिपणीसांचं टिटवाळ्याचं बघा. तिथे कुठे तुमची बहीण आहे?" आणि स्वतःच हसले. बर्वे पण हसले. साहेब हसले की बर्वे हसतात, तेवढीच त्यांची तपासणी वेळेवर असते.

टिटवाळ्याला द्राक्षं! जिथे जूनपासून चार महिने टॉवेल वाळत नाही तिथे हा माणूस द्राक्ष पिकवतो आणि आम्ही त्याला चांगलं म्हणायचं. दिंडोरीवाल्यांनी याला अध्यक्ष का केला, तर इंग्रजी कागद हा भरतो आणि याचा भाचा परदेशात फळं विकतो. बाकी याला वेल आणि दोडका यातला फरक कळतो की नाही, शंका आहे.

२२ जाने., गुरु.
संध्याकाळी रेखाचा फोन. आवाज एकदम खुशीत.
"ताई, बर्वे सर आलेले. खूप साधे आहेत गं. जेवून गेले."
काय केलेलंस? तर भरलं वांगं, बाजरीची भाकरी, वर शिरा. म्हणजे बर्व्यांची तपासणी उत्तम झाली.

रेखाची दीड एकर बाग यंदा पहिल्यांदाच तिच्या हातात. नाना, म्हणजे तिचे सासरे, अजून उभे आहेत काठी टेकून, पण गुडघ्यांनी संप केलाय. तिने तणनाशक बंद केलं. ओळींच्या मधलं गवत राहू दिलं, त्यात ताग पेरला, तो वाढला की तिथेच आडवा करते. जमीन भुसभुशीत झालीय म्हणते. गाव हसतं. "बाग आहे का कुरण?" असं कोणीतरी पारावर म्हटलेलं, ते नानांना लागलंय. त्यांनी साफ सांगितलंय, सर्टिफिकेट राहिलं तर तुझं गवत ठेव, नाहीतर मी ट्रॅक्टरचा रोटर फिरवून पुन्हा आपल्या पद्धतीने करणार.

हे गवताचं खूळ तिच्या डोक्यात घातलं कोणी? मीच. गेल्याच्या गेल्या दिवाळीत फराळ करता करता, आमच्या चेकलिस्टची टिंगल करत असताना. "वाच, काय काय लिहितात, ओळीत गवत ठेवा म्हणे." मी हसत होते आणि ही बया ऐकत होती.

२५ जाने., रवि.
टिपणीसांच्या घरी कागद तपासायला गेले. रविवारी, कारण त्यांच्या ‘वेलपालकांना’ इतर दिवशी वेळ नसतो. होय, वेलपालक. टिटवाळ्याच्या पुढे यांनी जमीन घेतली, वेली लावल्या आणि बाळकुम-घोडबंदरच्या टॉवरमधल्या लोकांना एकेक वेल दत्तक दिली. प्रत्येक वेलीला नावाची पाटी. ओवी, रेवा, मृण्मयी. एक वेल कोणाच्यातरी वारलेल्या कुत्र्याच्या नावाने आहे.

हॉलमध्ये आठ-दहा जण, सगळे तागाच्या कुडत्यात. टि.नी विचारलं, "आपण मूळच्या कुठल्या?" म्हटलं कल्याण पूर्व, विठ्ठलवाडी स्टेशनजवळ. "नाही, म्हणजे मूळच्या?" मग मी आडनाव सांगितलं. मग पुढे काही विचारलं नाही. हे ‘मूळ’ विचारणारे लोक सगळे एकाच साच्यातले, कुडता तेवढा बदलतो.

कागद अर्थात चकाचक. पक्ष्यांसाठी घरटी ठेवली का, या कॉलमसमोर फोटो. ऑनलाइन मागवलेलं लाकडी घर, त्याला खाली अजून किमतीचं स्टिकर. पक्षी आला का विचारलं. "अजून नाही, पण आम्ही आशावादी आहोत."

मग छाटणीचा कॉलम. ऑक्टोबरची लिहिलेली, एप्रिलची कोरी. म्हटलं, एप्रिलची खरड छाटणी? टि. एकदम हळवे झाले.
"मॅडम, आम्ही ती करत नाही."
का?
"वेली इतक्या हिरव्यागार दिसत होत्या. सगळं कापून नुसते खुंट ठेवायचे? आमच्या वेलपालकांना बघवलं नसतं. आम्ही ग्रुपवर मतदान घेतलं."

मतदान! वेलीने फळाच्या काड्या कधी धरायच्या यावर बाळकुममध्ये मतदान. एक बाई डोळे पुसत म्हणाल्या, "माझ्या मुलीचं नाव आहे हो त्या वेलीला. तिला कात्री लावायची?" अहो बाई, आपल्याकडे वेल वर्षातून दोनदा कापतात. एप्रिलला खरडून कापली की नवीन काडी येते, फळाचा डोळा त्या काडीत बसतो, मग ऑक्टोबरला कापलं की घड. एप्रिल चुकवली तर ऑक्टोबरला काय कापणार, पानं? हे सगळं मी बोलले. सगळ्यांनी मान डोलावली आणि मग चहा आला.

निघताना विचारलं, म्हणजे यंदा फळ नसेल.
"छे छे, भरपूर आहे," टि. म्हणाले. "एक तारखेला द्राक्ष तुडवण्याचा सोहळा ठेवलाय. तपासणी त्याच दिवशी करा ना. वातावरण असतं."
भरपूर कुठून आलं, हे त्यांनी सांगितलं नाही. आणि मी तिथे उभी राहून भांडले नाही, कारण लिफ्ट आली.

१ फेब्रु., रवि.
टिटवाळ्याहून रिक्षा, मग कच्चा रस्ता, मग कमान. कमानीवर फुगे. आत डीजे. शाश्वत डीजे.

बाग बघितली. आधी वेली म्हणाव्या की झुडपं, तेच कळेना. केवडा रोगाने पावसाळ्यात पानं गेलेली, पुन्हा फुटलेली, एकमेकांच्या गळ्यात पडलेल्या फांद्या. आणि मधेच, व्यवस्थित हाताच्या उंचीवर, लांबट हिरवे घड. सुंदर. पाटीवर लिहिलंय वाइनचं काळं वाण, बारीक, गोल, बियांचं. आणि खाली लोंबतंय थॉमसन, लांबट, बिनबियांचं, जे आपण खातो.

एक घड हातात घेतला. बारा वाजून गेलेले, डोक्यावर ऊन, माझी मान भाजत होती. घड गार. कोल्ड स्टोरेजमधून काढलेल्या पेटीतला असतो तसा गार. वर बघितलं तर देठाला हिरवा दोरा. शिंप्याकडचा. गाठ मारून, टोकं नीट कापून.

टि. मागे येऊन उभे. "कसं वाटतंय मॅडम?"
म्हटलं, घड गार आहेत.
"सकाळचं दव."
बारा वाजता दव! हा माणूस बँकेत मोठ्या पदावर होता म्हणे. लोकांनी आपले पैसे याच्या भरवशावर ठेवले होते.

राखण करणारा भोईर पलीकडे उभा. त्याला विचारलं, कोणी बांधले? तो खूश झाला, कोणीतरी कामाचं विचारलं म्हणून. "आमी बांदले मॅडम, मी नि बायकोनी. गाठ बगा कशी मारलीय, वारा आला तरी सुटनार नाय." तेवढ्यात टि.नी त्याला डोळ्यांनी दटावलं, मग तो फुगे बांधायला गेला. गाठ खरंच चांगली होती. नोंदवून ठेवते, कारण आजच्या दिवसात तेवढंच एक काम कोणी मन लावून केलेलं.

मग तुडवणं. टबात थॉमसन, वर मुलं, वर आया, वर मोबाइल. कोणालाही प्रश्न पडला नाही की आपल्या काळ्या वेलीला हिरवी द्राक्षं कशी. ओवीच्या आईने ओवी नावाच्या वेलीचा घड खुडला, दोरा तुटला, त्यांना वाटलं वेल तुटली, त्या "सॉरी बाळा" म्हणाल्या. मी ऐकलं. माझ्या कानांनी.

जाताना टि.नी बाजूला घेतलं. आवाज अगदी समजुतीचा. "मॅडम, ही आपल्या समूहाचीच द्राक्षं आहेत. सर्टिफाइड. मग यात खोटं काय? फक्त जागा बदलली."

२ फेब्रु., सोम.
प्र.ना सगळं सांगितलं. फोटो दाखवले. दोऱ्याचा क्लोजअप सुद्धा. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला. हे ते विचार करत नसताना करतात.
"ऑब्झर्व्हेशन लिहा. ‘सजावटीसाठी बाहेरील फळांचा वापर टाळावा.’"
म्हटलं, साहेब, फळ नसलेल्या बागेत फळ बांधून तपासणीला दाखवलंय. हे सजावट नाही.
"मग काय लिहिणार तुम्ही?"
म्हटलं, लबाडी.
"लबाडी हा शब्द आपल्या फॉरमॅटमध्ये नाही."
खरंय. फॉरमॅटमध्ये मायनर आहे, मेजर आहे. मेजरच्या खाली एका ओळीत ‘हेतुपुरस्सर दिशाभूल’ आहे, त्यावर खूण झाली की पूर्ण समूह बंद. दिंडोरीतले सगळे. रेखा सुद्धा. प्र.ना वाटत असावं हे माझ्या लक्षात आलं नाही. माझ्या लक्षात काल कच्च्या रस्त्यावरच आलेलं.

३ फेब्रु., मंगळ.
रेखाचा फोन दुपारी. "ताई, पाहुण्यांना आवडली का आमची द्राक्षं?"
कोणत्या पाहुण्यांना?
"अगं, टिपणीस सरांनी मागवलेली ना, परदेशी पाहुणे येणार आहेत, चव दाखवायची म्हणून. आमचाच माल पहिला तयार होता. मी स्वतः निवडून पेट्या भरल्या. तुला सांगणार होते पण म्हटलं सरप्राइज."

मी म्हटलं, छान होती. एवढंच. ती पुढे खूप वेळ बोलत होती, साखर किती उतरलीय, घड कसे विरळले, ताग आडवा केल्यावर माती कशी गार राहते. मी हं हं करत राहिले. मला तिला सांगता आलं नाही. भित्री आहे मी, रेखाच्या बाबतीत.

५ फेब्रु., गुरु.
प्र.नी केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं. तोडगा काढलाय. टिपणीसांनी समूहातून आपली टिटवाळ्याची बाग आधीच काढून घेतली होती, असं पत्र. तारीख तपासणीच्या आधीची. म्हणजे ती बाग समूहात नव्हतीच. म्हणजे मी एक तारखेला जे पाहिलं ते एका खाजगी समारंभात पाहिलं.
"तुमच्या बहिणीचंही नुकसान नाही. सगळे सुखी. फक्त पत्र मिळाल्याची तुमची सही."

किती सफाई. हाच माणूस गेल्या महिन्यात ‘पारदर्शकता’ या विषयावर तासभर बोलला आणि मधे समोसे आले. याला मी घरी जाऊन शिव्या घातल्या असत्या, पण आज शिव्या येईनात. कारण मला मोह झाला. स्पष्ट लिहिते. दिवसभर ते पत्र डोक्यात. सही केली की रेखाचं गवत वाचतं. एक सही. खोट्या गोष्टीवर आजवर सही केली नाही, ही एकच माझी मिजास होती.

सोमवारपर्यंत सांगा म्हणाले.

७ फेब्रु., शनि.
रेखाला फोनवर सांगितलं. सगळं. घड बांधले होते, ते तुझे होते, मी खरं लिहिलं तर काय होतं, पत्रावर सही केली तर काय होतं.

मागे कोंबड्या ओरडत होत्या. मला वाटलं आता रडेल किंवा मला शिव्या देईल. तर ती म्हणाली, "दोऱ्याने?"
हो.
"माझे घड दोऱ्याने बांधले?"
हो गं.
"मला वाटलं खाल्ले असतील कोणीतरी."
तुडवले, हे मी सांगितलं नाही. सगळं म्हटलं मी वर, पण हे नाही सांगितलं.

मग तिने विचारलं, "ताई, तपासणीत ओळींमधून चालून बघतात ना? माती वगैरे?"
म्हटलं, बघायचं असतं.
"बर्वे सर नाही आले बागेत."
म्हणजे?
"ओसरीवर खुर्ची टाकलेली, तिथे बसले. मी म्हटलं सर चला, दाखवते. ते म्हणाले इथूनच दिसतेय की, हिरवी आहे. मी मातीचं ढेकूळ आणलेलं ताटलीत, त्यात गांडुळं होती. ते म्हणाले जेवताना नको."

मग पुढे तीच म्हणाली, "मी वर्षभर लोकांचं ऐकतेय, नानांचं ऐकतेय. मला वाटलेलं एकदा कोणीतरी शिकलेलं माणूस येईल आणि बघेल. कोणी बघितलंच नाही, ताई. सर्टिफिकेट नुसतंच आलं."

मी बर्व्यांना काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही, आई ही वही उघडते कधीकधी.

शेवटी ती म्हणाली, "लिही तू. पण मग माझी बाग कोणीतरी येऊन बघा."
म्हटलं, नाना रोटर फिरवतील.
"ते मी बघते. तू लिही."

ही तीच रेखा, जी लहानपणी भांडण झालं की आईच्या मागे लपायची.

८ फेब्रु., रवि.
आई विहारातून वंदना करून आली, तिला सांगितलं. पदर खोचून उभी राहिली. "दोघी पोटच्या पोरी. एक द्राक्षं पिकवते आणि दुसरी त्यात खोड काढते."
म्हटलं, खोड मी टिपणीसाच्या बागेत काढलीय.
"मग त्याचंच बुडव ना. रेखाचं कशाला?"
नियम सांगितला. सगळ्यांचं एकच सर्टिफिकेट.
"असला कसला नियम? एकाने चोरी केली की अख्खी चाळ आत टाकणार काय?"
आईचं म्हणणं चूक आहे, पण कुठे चूक आहे ते सांगायला बसले तर मी प्रधानांच्या भाषणातली वाक्यं बोलायला लागले.
दुपारी तिने भाजीत मीठ घातलं नाही. मुद्दाम. मी पण मुद्दाम मागितलं नाही.

९ फेब्रु., सोम.
रिपोर्ट दिला. ‘हेतुपुरस्सर दिशाभूल’ वर खूण. पत्रावर सही नाही. पेट्या कुठून आल्या तेही लिहिलं, रेखाचं नाव, नातं, आणि तिला पाहुण्यांना खायला म्हणून सांगण्यात आलं होतं हेही. बर्वे बागेत उतरले नाहीत, हे वेगळ्या कागदावर.

प्र.नी वाचलं. चष्मा पुसला नाही, म्हणजे खरंच विचार करत होते. "तुम्हाला स्वतःच्या बहिणीचं काही वाटत नाही?" हे त्यांनी असं विचारलं की जणू बहीण त्यांचीच आहे.
बर्वे कॅन्टीनमध्ये. मला बघून उठून गेले, डबा तसाच. भरलं वांगंच होतं बहुतेक, मी बघितलं नाही.

११ फेब्रु., बुध.
टि.चा फोन. आधी इंग्रजीत, मग मराठीत, मग पुन्हा इंग्रजीत. इंग्रजीत धमकी, मराठीत संस्कार. "आमच्या वेलपालकांच्या भावना दुखावल्या आहेत." वेलपालकांनी म्हणे ग्रुपवर निषेधाचा ठराव केला. पुन्हा मतदान! या लोकांना फळ नको, माती नको, मतदान तेवढं वेळच्या वेळी हवं.

मग दिंडोरीहून बाळासाहेब, समूहातले मोठे बागायतदार. त्यांची गाडी प्र.च्या गाडीहून मोठी आहे आणि आवाज गाडीहून मोठा. "मॅडम, आमचा माल उतरायला आलाय. त्या ठाणेकराने नाटक केलं, त्याची शिक्षा आम्हाला?"
म्हटलं, अध्यक्ष तुम्हीच केलात त्याला.
"इंग्रजी बोलतो म्हणून केला."
म्हटलं, मग तुम्हाला इंग्रजी मिळालं.
ते चिडले. त्यांचं अगदीच चूक नव्हतं आणि म्हणून मी जास्त उद्धट बोलले. शेवटी म्हणाले, "तुमच्या बहिणीच्याच पेट्या होत्या त्या. गावात कळलंय. म्हातारा बसलाय डोकं धरून."

रेखाला फोन केला. उचलला नाही. मेसेज आला, "कामात आहे. नाना बोलत नाहीत. जेवले."

१३ फेब्रु., शुक्र.
निर्णय आला. समूहाचं सर्टिफिकेट स्थगित. टिपणीस बाहेर. बाकी सगळ्यांची फेरतपासणी, जो पास होईल तो नव्याने आत. म्हणजे नियम लागू झाला. मी इतकी वर्षं ज्याची टिंगल केली तो नियम पहिल्यांदा हलला आणि जाऊन पडला माझ्या बहिणीच्या अंगावर.

पेट्या रेखाच्या म्हणून पहिली तपासणी रेखाची. सोमवारी. तिची द्राक्षं त्या आठवड्यातच उतरवावी लागतील, त्यापुढे थांबत नाहीत. नानांनी पारावर सांगून टाकलंय, सर काय म्हणतात ते बघू, नाही म्हणाले तर संध्याकाळी रोटर.

आणि जाणार कोण? बर्वे.

मी केबिनमध्ये गेले, ओरडले, खरंच ओरडले, बाहेर सगळ्यांनी ऐकलं. म्हटलं, जो माणूस बागेत उतरला नाही त्यालाच पुन्हा?
"माणूस कुठाय दुसरा? तुम्ही तर नातेवाईक. बर्व्यांना मी सूचना दिल्या आहेत."
सूचना.

मग सरळ बर्व्यांकडे गेले. आजवर त्यांच्याशी नीट बोलले नाही, आज बोलले. म्हटलं, बर्वे, हात जोडते. ओळींमधून चालून या. दीड एकरच आहे. गवत बाजूला करा, माती हातात घ्या, खाली बघा. बाकी तुम्हाला जे दिसेल ते लिहा, वाईट दिसलं तर वाईट लिहा.
बर्वे माझ्याकडे बघत राहिले. राग नव्हता, लाज पण नव्हती. म्हणाले, "अहो, माझी कंबर. मणक्यात गॅप आहे. वाकता येत नाही मला." आणि मग, "तुम्हा लोकांना वाटतं मी मुद्दाम बसतो."

मणक्यात गॅप असलेला माणूस शेतं तपासतो आणि ऑफिसात हे कोणी विचारलेलं नाही. मी पण नाही. मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. थोडी आली, पण रेखाचा आवाज आठवला आणि गेली.

१५ फेब्रु., रवि.
आईने सकाळी स्वतःहून फोन लावून दिला. "बोल तिच्याशी," एवढंच.

रेखा शांत होती. बाग झाडून पुसून ठेवल्यासारखी तयार आहे म्हणाली, फक्त गवताला हात लावलेला नाही. ढेकूळ नाही आणणार ताटलीत, या वेळी सरांना तिथेच नेणार.

बर्व्यांच्या कमरेचं तिला सांगितलं. म्हटलं, ऐक. खुर्ची टाकू नकोस.
"काय?"
म्हटलं, ओसरीवर बसायला काही ठेवू नकोस. प्लास्टिकची, लाकडी, बाज सुद्धा आत टाक. गाडीतून उतरले की दारात थांबवू नकोस, सरळ बागेत ने. त्यांना एकदा बसायला मिळालं की संपलं.

मग म्हणाली, "ताई, दारात आलेला माणूस. बस म्हणायचं नाही?"
"नाही म्हणायचं."
"त्यांची कंबर दुखते म्हणालेलीस ना तू?"
"दुखू दे."
"अगं, पण..."
"रेखा, दीड एकर आहे. एकदा चालू दे त्यांना. नंतर बसव, जेवायला घाल, पाय चेपून दे हवं तर."
"बघते," ती म्हणाली. ‘बघते’ म्हणजे तिच्या भाषेत काय, ते मला नेमकं माहीत नाही. लग्नाआधी माहीत होतं.

तेवढ्यात मागून नानांचा आवाज आला. चार दिवसांनी पहिल्यांदा ते तिच्याशी बोलत होते. "अगं, उद्या ते साहेब यायचेत ना? माळ्यावरची हातवाली खुर्ची काढ, पुसून ठेव. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं म्हणून गेल्या खेपेला उतरले नसतील बागेत, आपल्यालाच रीत नाही म्हणून."

मी इकडून म्हणत होते, रेखा, नको.
"हो, नाना," रेखा म्हणाली.